अक्रामध्ये पुरानंतर घर शोधताना

घानाची राजधानी अक्रा इथे ३ जून २०१५ ला आलेल्या पुरानंतर आम्ही अडाब्राका भागातलं घर सोडायचं ठरवलं. अक्रामध्ये घर बदलणं एरवीही जिकिरीचं, कारण इथे भाडं दर महिन्याला देत नाहीत. घानाच्या १९६३ च्या भाडे कायद्याप्रमाणे मालकाला सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. प्रत्यक्षात वर्षाचं, दोन वर्षांचं एकरकमी मागतात आणि घराची गरज असलेला माणूस ते देतो. आमचंही बरंच भाडं मालकाकडे अडकलेलं होतं.

त्या बुधवारी रात्री खोलीत पाणी गुडघ्यापर्यंत आलं, तेव्हा पासपोर्ट आणि कागदपत्रं उचलून आम्ही वरच्या आँटींकडे गेलो. त्यांनी काही न विचारता गाद्या अंथरल्या. सकाळी सर्कलची बातमी कळली. क्वामे एन्क्रुमा सर्कलजवळच्या पेट्रोल पंपावर माणसं पावसापासून आडोसा म्हणून थांबली होती. तुंबलेल्या पाण्यावर इंधन पसरलं आणि भडका उडाला. पूर आणि आग मिळून दीडशेहून जास्त जीव गेले. राष्ट्राध्यक्ष महामा यांनी तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. ‘सर्क, सर्क, सर्क’ असं ओरडत माणसं भरणाऱ्या ट्रोट्रोतून, म्हणजे इथल्या शेअर मिनीबसमधून, मी रोज तिथेच उतरायचे. पाऊस आला की मीही त्याच भागात कुठेतरी छपराखाली उभी राहायचे.

माझं लहानपण कुर्ल्याचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अक्राचा अख्ख्या वर्षाचा सरासरी पाऊस त्याहून कमी आहे! तरी इथे माणसं बुडतात, कारण पाण्याला जायला वाट नाही. ओडॉ नदी शहराच्या मधून वाहत कोर्ले लगूनमधून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या तळ्यातून, समुद्राला मिळते, पण उतार अगदी कमी आणि लगूनचं तोंड गाळाने भरलेलं. उघड्या गटारांत पिण्याच्या पाण्याच्या प्लास्टिक पिशव्या साचलेल्या असतात. ओढ्यांच्या वाटेवर घरं, गोदामं, दुकानं उभी राहिली आहेत. मिठीकाठी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

घर शोधायला एजंट लागतोच आणि त्याचं कमिशन साधारण दहा टक्के. आमचा एजंट स्वभावाने चांगला होता, पण पाण्याबद्दल विचारलं की प्रत्येक घराला त्याचं एकच उत्तर असायचं, “नो प्रॉब्लेम, मॅडम.” म्हणून मी खोल्यांआधी भिंतींचा खालचा भाग बघायला लागले. फक्त कमरेपर्यंतच ताजा रंग का? दाराची खालची कड फुगली आहे का? उंबऱ्यावर सिमेंटचा बांध घातलाय का? एका घरात सगळे प्लग खांद्याच्या उंचीवर होते. मालकीण म्हणाल्या, मुलांच्या सुरक्षेसाठी. शेजारच्या घराचेही तेवढ्याच उंचीवर होते. आम्ही आभार मानून निघालो.

मग कुंपणाच्या भिंती वाचायच्या. महापालिकेची माणसं लाल रंगात ‘स्टॉप वर्क, प्रोड्यूस परमिट’ लिहून जातात. ते लिहिलेल्या घरातही माणसं सुखाने राहत असतात. पण तसा शेरा गटाराला लागून असलेल्या भिंतीवर असेल, तर मी पुढे जात नसे. गटार कुठून येतं आणि कुठे जातं, हे मी चालत जाऊन बघायचे. एका ठिकाणी ते नव्या इमारतीच्या जोत्याखाली शिरून दिसेनासं झालं. पलीकडे तोंडच नव्हतं.

सगळ्यात खरी माहिती कोपऱ्यावर केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बायकांनी दिली. त्या वर्षानुवर्षं एकाच जागी बसतात आणि त्यांना कमिशन मिळायचं नसतं. “पाणी कुठवर येतं?” असं विचारलं की त्या बोलण्याआधी हात दाखवायच्या. कुणी घोट्याला, कुणी कमरेला. एकीने छातीला हात लावला आणि पुन्हा तव्यावरच्या माशांकडे वळली. शक्य असेल तर घर भर पावसात बघावं, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा पावसाळा चालू होता. एजंट कुरकुरला, तरी मी पाऊस पडत असतानाच जात राहिले.

शेवटी असायलम डाउन भागात, शेजारच्या रिज भागाकडे चढत जाणाऱ्या गल्लीत दुसरा मजला मिळाला. भाडं आधीच्यापेक्षा बरंच जास्त. मला ते परवडलं, हे मला अजूनही टोचतं. त्याच महिन्यात, २० जूनला, लगूनच्या काठावरच्या ओल्ड फडामा वस्तीतल्या झोपड्यांवर बुलडोझर चालवला. पाण्याची वाट मोकळी करायची, हे कारण. ती वस्ती नदीच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. वरच्या अंगाला पक्क्या इमारतींनी ओढे अडवले आहेत आणि शहराचा कचरा वाहत खाली येतो. तरी पहिला हातोडा ज्यांना कुठे जायला जागा नाही त्यांच्यावर, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

जुन्या मालकाने उरलेलं भाडं परत द्यायला साफ नकार दिला. रेंट कंट्रोलच्या कचेरीत तक्रार करता येते आणि मी अर्जही लिहिला होता. तेव्हा नवा भाडेकरू मिळाला की अर्धी रक्कम देतो, यावर तो आला. घर बघायला एक जोडपं आलं. बायको गरोदर होती. मालकासमोरच मी त्यांना भिंतीवर हात लावून दाखवलं, पाणी इथवर होतं. मालक संतापला आणि माझे पैसे द्यायला मुद्दाम उशीर करू लागला.

नवऱ्याने शांतपणे सांगितलं की त्यांना माहीत आहे, ते अक्रातल्याच अलाजो भागातून येताहेत, तिथे याहून जास्त होतं. भाडं झेपण्यासारखं होतं आणि तिची नोकरी जवळ होती. त्यांनी घर घेतलं, फक्त प्लग वर घेऊन द्या म्हणाले. मालक खर्चाला तयार होईना. मला मिळायच्या रकमेतून तेवढे वळते करून घ्या, असं मी सांगितलं, आणि इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी आला.