तुम्ही विचारलंत म्हणून: पाद्र्याला पक्ष्यांचं काय?

पक्षी बघायला नव्याने येणाऱ्यांना मी गिल्बर्ट व्हाइटचं सेलबोर्न गावावरचं पुस्तक वाचायला सांगतो. हा अठराव्या शतकातला इंग्लिश पाद्री, असं म्हटलं की प्रश्न ठरलेला: "पाद्र्याला एवढा वेळ कुठून मिळायचा? आणि धर्माचं काम करणाऱ्याचं शास्त्र कितपत खरं धरायचं?"

वेळेचं आधी सांगतो. वेळ भरपूर होता, आणि तो नेहमीच सरळ मार्गाने मिळालेला होता असंही नाही. व्हाइट 1720 साली हॅम्पशायरमधल्या सेलबोर्नला जन्मला; आजोबा तिथलेच व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचे मुख्य पाळक. तो ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचा फेलो, म्हणजे कॉलेजकडून मानधन मिळणारा सदस्य झाला आणि मरेपर्यंत राहिला. अट एकच, लग्न करायचं नाही. शिवाय नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या एका चर्चचं उत्पन्न त्याला मिळे. तिथे राहून काम करायचा तो दुसराच कोणीतरी. तेव्हा हे सर्रास चालायचं, मला मात्र ते खटकतं. गंमत अशी की स्वतःच्या गावचा व्हिकर तो कधीच होऊ शकला नाही, कारण ती नेमणूक मॉडलिन कॉलेजच्या हातात होती आणि हा पडला ओरिएलचा. शेजारच्या गावी आणि शेवटी सेलबोर्नला तो क्युरेट म्हणजे मदतनीस पाळक होता. बाकी वेळ बाग, घोड्यावरून रपेट आणि वही.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. माझं मत विचाराल तर तो पाद्री होता म्हणूनच हे जमलं. पाळकाच्या हाताखाली गावाचं दप्तर असतं: बाप्तिस्मा कोणाचा, लग्न कोणाचं, कोण पुरलं गेलं, तारखेसकट. व्हाइटने 1783 मध्ये गावाची मोजदाद मांडली, 136 कुटुंबं आणि 676 माणसं, आणि मागच्या साठ वर्षांचे बाप्तिस्मे आणि दफनं चर्चच्या नोंदींतून काढून तिला जोडली. हाच माणूस लिहितो की गावात दरवर्षी पाकोळ्यांच्या आठ जोड्या येतात. मग विचारतो, पिल्लं तर दरवर्षी होतात, तरी आठच कशा? वाढलेल्या जातात कुठे? हा प्रश्न जन्ममृत्यूची वही सांभाळणाऱ्यालाच सुचणार.

कानही तसाच. पानांत लपणारे ते हिरवट वटवटे आजही भल्याभल्यांना रडवतात. इंग्लंडमधले असे तीन सारखे दिसणारे पक्षी या तीन वेगळ्या जाती आहेत, हे त्याने आवाजावरून धरलं आणि 1768 मध्ये थॉमस पेनंट या निसर्गअभ्यासकाला पत्राने कळवलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी बंदुकीने पाडून हातात घेऊनही पाहिले, ते वेगळं.

आता त्याची फसगत. भिंगऱ्या हिवाळ्यात जातात कुठे, यावर तेव्हा मोठा वाद होता. त्या बिळाकपारीत झोपून राहतात असं मानणारे विद्वान कमी नव्हते. व्हाइटचा सख्खा भाऊ जिब्राल्टरला लष्करी पलटणीचा पाद्री होता आणि त्याने भिंगऱ्यांचे थवे समुद्रधुनी ओलांडताना पाहून कळवलंही होतं. तरी याच्या मनातून जाईना की काही तरी मागे राहत असतील. 1781 च्या एप्रिलमध्ये त्याने मजूर लावून टेकडीच्या उतारावरची झुडपं आणि मुळं खणायला लावली. एकही भिंगरी सापडली नाही. आणि काम चालू असतानाच त्या वर्षीची पहिली भिंगरी गावातून उडत आली, सरळ जुन्या घरट्यात शिरली, थोडा वेळ बसली आणि निघून गेली. पुढे काही दिवस दुसरी कोणी दिसली नाही. हे सगळं त्याने तसंच लिहून ठेवलंय. खणण्यातून काही निघालं नाही हेही, आणि एकटीच येऊन गायब झालेल्या त्या भिंगरीने पुन्हा जागवलेला संशयही. शास्त्र कितपत धरायचं, याचं माझं उत्तर हे पान आहे. देवाच्या योजनेवर त्याची श्रद्धा होती, ती लपवलेलीही नाही. पण तिच्या आधाराने त्याने भिंगरी कुठे झोपवली नाही.

गांडुळावरही त्याने 1777 मध्ये लिहिलं: हा प्राणी क्षुद्र दिसतो, पण नाहीसा झाला तर निसर्गात मोठं खिंडार पडेल. डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक आलं 1881 साली. डार्विनने तरुणपणी व्हाइट वाचला होता आणि प्रत्येक सभ्य गृहस्थ पक्षी का बघत नाही, याचं त्याला नवल वाटलं होतं. त्याच्या टिमोथी नावाच्या पाळीव कासवाबद्दल मी इथे लिहीत नाही, नाहीतर थांबणार नाही. एवढंच, की ती टिमोथी मादी होती हे व्हाइटला कळलंच नाही.

पुस्तक पत्रांचं आहे, 1789 चं. सुरुवातीची नऊ पत्रं कधी टपालात पडलीच नाहीत, ती छापण्यापुरती लिहिली. गावचे दगडमाती, तळी, जंगल यांचं वर्णन त्यांत आहे आणि नवा वाचक नेमका तिथेच कंटाळतो. ती खुशाल सोडा. डेन्स बॅरिंग्टन या त्याच्या दुसऱ्या अभ्यासक पत्रमित्राला लिहिलेली पाकोळ्या आणि भिंगऱ्यांवरची चार पत्रं आधी काढा, जी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढेही वाचली गेली. ती आवडली नाहीत तर बाकीचं वाचायचा आग्रह मी धरणार नाही.