सिस्टरांनी खरं सांगितलं होतं

मे महिन्यात माहेरी गेलो होतो. माझा सहा वर्षांचा मुलगा चिंचेला बांधलेल्या झोक्यावरून पडला, तो थेट उजव्या हातावर. बघता बघता कोपर टम्म सुजलं. कुणी हळद घालून तेल कोमट केलं, कुणी म्हणालं हाड बसवणाऱ्याकडे न्या, एका झटक्यात बसवतो. वहिनीने मात्र कुणाला हात लावू दिला नाही. वर्तमानपत्राची जाड घडी खाली धरून ओढणीने हात गळ्यात बांधला आणि गाडी काढायला लावली. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे झाला. कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडून सरकलं होतं. या वयाच्या मुलांत हे नेहमीचं, डॉक्टर म्हणाले, पण हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसा तिथूनच जातात, चोळलंत तर हात गमवायची वेळ येते. मला ती तेलाची वाटी आठवली आणि पाय लटपटले.

सहा तास उपाशी ठेवून, भूल देऊन, चिरा न घेता हाड बसवलं आणि दोन तारा घातल्या. वर कच्चं प्लास्टर.

त्याआधी सलाईनची सुई लावताना मी म्हटलं होतं, "मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस." त्याला चांगलंच दुखलं. त्याने माझ्याकडे पाठ फिरवली. रात्रपाळीच्या सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या, त्या सरळ म्हणाल्या, "दुखणार आहे राजा. दहा मोज, तोवर संपेल." आठलाच संपलं. तेव्हापासून तो प्रत्येक गोष्ट त्यांनाच विचारायचा.

रात्रभर दर तासाला त्या यायच्या. नख दाबून रंग परत येतो का बघायच्या, मग "अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून गोल कर." नस शाबूत आहे का, ते त्यावरून कळतं. पहाटेपर्यंत त्यांच्या चपलांचा आवाज आला की हा झोपेतच गोल करून दाखवायला लागला.

चार आठवड्यांनी तारा काढल्या, भूल न देता. प्लास्टर रूममधल्या दादांना त्याने आधीच विचारलं, "दुखेल?" "पहिली दुखेल, दुसरी कमी." त्याने डोळे मिटून मोजलं. रडला नाही.

कोपर अजून पुरतं सरळ होत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, त्याचं त्यालाच हलवू द्या, ताणू नका, मालिश तर नाहीच.

तारा काढल्यावर तो घरी यायला तयार होईना. वॉर्डात जायचं म्हणाला. आजीजवळ बसून, डाव्या हाताने, त्याच झाडाच्या चिंचेच्या मीठ-गूळ-जिरं घातलेल्या गोळ्या वळल्या होत्या. सिस्टर दिसताच डबा पुढे केला आणि झाकण उघडायच्या आत म्हणाला,

"दात आंबतील हं. पण थोडाच वेळ."