सगळं हिरवं, तरी आत जाता येईना
बुधवार, रात्री

ज्या स्क्रिप्ट आरडाओरडा करून बंद पडतात त्यांचं मला काही वाटत नाही. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २०.०४ आवृत्तीत नुसती 'पायथन' ही कमांड आपोआप मिळेनाशी झाली, तेव्हा जुन्या स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला आपटल्या. बहुतेक ठिकाणी 'पायथन३' केलं, विषय संपला. आजचं प्रकरण त्यातलं नव्हतं.

२२.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२७ मध्ये संपतोय, म्हणून नव्या मशिनी २४.०४ वर उभ्या करायचं ठरलंय. चाचणीच्या मशीनवर आमचं रोजचंच ॲन्सिबल प्लेबुक चालवलं (ॲन्सिबल म्हणजे सर्व्हरची मांडणी आपोआप करणारं हत्यार, प्लेबुक म्हणजे त्याला दिलेली कामांची यादी). एसएसएच म्हणजे लांबून मशीनमध्ये शिरायची सोय; तिचा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, २२ वरून २२२२ करायचा, सर्व्हिस रीस्टार्ट करायची, मग फायरवॉलमध्ये फक्त २२२२ उघडा ठेवायचा. काही चुकलं नाही, 'फेल्ड' शून्य. पुन्हा चालवलं तर थेट 'अनरीचेबल', मशीन गाठताच येईना.

"मॅडम, मघाशी तर सगळं हिरवं होतं," आमचा नवा मुलगा म्हणाला. होतंच. ॲन्सिबल एकदा उघडलेलं कनेक्शन धरून ठेवतं आणि चालू कनेक्शन फायरवॉल तोडत नाही. त्यामुळे मागे दार लागलं तरी प्लेबुक आत बसून उरलेली कामं नीट आटोपत होतं.

व्हर्च्युअल मशीन होती म्हणून कन्सोल उघडून बघता आलं. (हेच वेर्ण्याच्या कारखान्यातल्या मशीनवर झालं असतं तर या पावसात पणजीहून झुवारीचा पूल ओलांडून तिकडे जावं लागलं असतं.) 'एसएस' कमांडने उघडे पोर्ट बघितले. २२ अजून तसाच चालू, आणि त्याच्या ओळीत एसएसएचडीच्या (एसएसएचची सर्व्हिस) शेजारी सिस्टमडी, म्हणजे बाकी सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम, पीआयडी १.

म्हणजे पोर्ट एसएसएचच्या हातात नाहीच. उबुंटूत २२.१० पासून पोर्ट धरून बसतं ते सिस्टमडीचं सॉकेट. कुणी कनेक्ट झालं की एसएसएचला उठवायचं. २४.०४ मध्ये कॉन्फिग फाइलमधला पोर्ट वाचला जातो, पण डीमन-रीलोड करून (सिस्टमडीला सेटिंग पुन्हा वाचायला लावून) सॉकेट रीस्टार्ट केलं तरच. आमचा हँडलर (फाइल बदलली की चालणारं प्लेबुकमधलं काम) नुसती सर्व्हिस रीस्टार्ट करतो. सर्व्हिसही गुणी, निमूट रीस्टार्ट होते आणि तोच जुना २२ घेऊन बसते.

नव्या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही, रिलीज नोट्समध्ये सगळं छापलेलं असतं. मला खटकतो तो ॲन्सिबलसारख्या हत्यारांचा दावा. 'मशीन अशी असावी' हे तुम्ही सांगा, बाकी आम्ही बघतो म्हणे. प्रत्यक्षात फाइलमध्ये ओळ लिहिली की यांचं काम झालं. टेबलावर चिठ्ठी ठेवून निघून जावं तसं. साहेबांनी ती वाचली का, हे बघायला कोण थांबतो?

मग प्लेबुकमध्येच भर घातली. सॉकेट रीस्टार्ट, नंतर मुद्दाम कनेक्शन तोडायचं, आणि आपल्या बाजूने २२२२ वर टकटक करून बघायची. उत्तर आलं नाही तर लाल. दर वेळी काही सेकंद जास्त जातात, जाऊ देत.

संशय आला म्हणून बाकीची प्लेबुकंही चाळली, आणि मिररवालं सापडलं. ते 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या कमांडने सोर्सेस डॉट लिस्टमधला, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची त्या फाइलमधला, पत्ता बदलून ऑफिसमधल्या मिररचा (पॅकेजांच्या स्थानिक प्रतीचा) करतं. २४.०४ मध्ये त्या फाइलमध्ये नुसती कॉमेंट उरलीय. खरे पत्ते 'उबुंटू डॉट सोर्सेस' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्याच मांडणीत. सेडला बदलायला काही मिळालं नाही तरी त्याच्या लेखी ते यशच. पॅकेजं बाहेरून येत राहिली असती, आणि इंटरनेट का रडतंय म्हणून आम्ही राउटरला शिव्या घालत बसलो असतो.

चालू सर्व्हरना चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, हात लावायचा नाही, असं साहेबांनी बजावलंय. बरोबरच आहे, निम्मं ऑफिस गावाला जाणार. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधत असलेल्या माणसाला फोन करून पोर्ट विचारायचा का? तोवर चाचणीच्या मशीनवर सेडची ओळ काढून पूर्ण फाइलच टेम्प्लेटने टाकते, आणि त्यानंतर 'एपीटी-कॅश पॉलिसी'त (पॅकेजं कुठून येणार ते दाखवणारी कमांड) आमच्या मिररचं नाव दिसलं नाही तर प्लेबुक तिथेच थांबवते.