कार्ल्याच्या भिंतीवर मध्येच थांबलेली वेदिका

कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्याच्या (स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाच्या) दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या, म्हणजे मिथुनशिल्पं आहेत आणि त्यांच्याच शेजारी बुद्धमूर्ती. आधीचं कोणतं? आम्ही लेणी दाखवायला नेलेल्या बारावीच्या बावीस मुलांपैकी वीस जणांनी ‘बुद्ध’ लिहिलं. लेणं बौद्ध आहे, मग बुद्ध पहिल्यापासून असणारच, असा सरळ हिशेब.

खरं तर सकाळी जवळच्याच, कार्ल्याहून जुन्या भाज्याच्या लेण्यात तयारी झाली होती. तिथला दर्शनी भाग लाकडी होता. तो गेला, त्याच्या खाचा दगडात राहिल्या. खांब अष्टकोनी, ना तळखडा ना शीर्ष, आणि आत कललेले. मुलांना हा कल नुसता सांगून पटत नाही. दोऱ्याला खडू बांधून ओळंबा करायचा, खांबापासून चार पावलं मागे, हात लांब करून धरायचा आणि एक डोळा मिटून दोरा खांबाच्या कडेशी जुळवायचा. लगेच दिसतं. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब असे कलते लागत. कातळाला त्याची गरज नाही, तरी पाथरवटांनी तो कल तसाच कोरला. कार्ल्याला येईपर्यंत खांब सरळ झालेत. पायाशी घट, वर हत्तींवर बसलेल्या जोड्या.

कार्ल्याला दुपारनंतरच जावं. तोंड पश्चिमेला असल्यामुळे तेव्हा भिंतीवर ऊन येतं आणि छिन्नीच्या कडा उठून दिसतात. रविवार आणि चैत्रातली एकवीरेची यात्रा टाळावी. गर्दीत वीस मिनिटं एका जागी उभं राहता येत नाही.

मोबाइल पिशवीत. प्रत्येकाकडे ए-फोर कागद, टूबी पेन्सिल. पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही, भिंतीचा एकच हातभर तुकडा काढायचा. फोटो काढला की मूर्ती दिसते, मूर्तीची कड दिसत नाही. रेखाटताना मात्र कडेशी हात अडतो.

तसाच एकीचा अडला. कठड्यासारखी वेदिकेची नक्षी ती ओळीने काढत होती आणि बुद्धाच्या चौकटीशी ती एकदम तुटली. मोजून आखलेली नक्षी कोणी मध्येच सोडत नाही. ती तासून तिथे मूर्ती बसवली आहे. मग सगळेच भिंतीकडे सरकले. मिथुनं साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. त्या काळी इथे पूजा स्तूपाची, बुद्धाची मानवी मूर्ती कोरत नसत. पाय खाली सोडून बसलेले हे बुद्ध पाचव्या-सहाव्या शतकातले. तारखा आम्ही सांगितल्या, पण पुरावा दिसल्यानंतर. हा क्रम उलटा झाला की मुलं तारीख पाठ करतात आणि भिंतीकडे बघतच नाहीत.

कारण न लिहिता ‘मिथुन आधी’ असं बरोबर उत्तर दिलेल्या दोघांना आम्ही कागद परत दिले आणि पुन्हा भिंतीसमोर उभं केलं.