तुम्ही विचारलंत म्हणून: पूर्वनोंदणी का करत नाही

व्याख्यान संपलं की हमखास कोणीतरी विचारतं, "मॅडम, तुम्ही अभ्यासाची पूर्वनोंदणी का करत नाही? काही लपवायचं असतं का?" शेवटचं वाक्य मला फार लागतं. त्यात तथ्य आहे, म्हणूनच लागतं.

औषधांच्या चाचण्यांबद्दल माझा वाद नाही. काय तपासणार, कसं तपासणार हे आधीच तारखेसकट जाहीर करायचं, म्हणजे पूर्वनोंदणी; ती तिथे हवीच. आपल्याकडे ते २००९ पासून सक्तीचं आहे. अमेरिकेत सरकारी पैशांवर झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्या पाहिल्या, तर २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ मध्ये उपचार गुणकारी ठरले होते. नोंदणी आल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये. सगळं श्रेय नोंदणीचं नसेलही. पण त्या १७ मध्ये काय झालं असेल याचा मला अंदाज आहे, कारण मीही ते केलंय.

रत्नागिरीकडच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात कातळातली डबकी भरतात. खोल डबकी उशिरा आटतात, म्हणून तिथे टॅडपोल, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्लं, जास्त जगतील, असं आमचं गृहीतक होतं. दोन महिने चाळणीने उपसून, पांढऱ्या ताटलीत ओतून, एकेक मोजला. खोलीचा काही संबंध निघेना. मग मी आकडे उलटेपालटे करत बसले. गवत, पाण्याचं तापमान, डबक्याचा घेर, गुरांच्या वाटेपासूनचं अंतर. अंतर जुळलं. वाटेलगत टॅडपोल जास्त. शेणामुळे शेवाळ वाढत असेल, हे कारणही लगेच सुचलं. पेपरमध्ये मी लिहिलं, "आमचा अंदाज होता की…"

मसुदा वाचून माझी विद्यार्थिनी वही घेऊन आली. पावसाने फुगलेली, पेन्सिलीने लिहिलेली. जूनचं पान उघडून म्हणाली, "मॅडम, यात तर फक्त खोलीच आहे." मी म्हटलं, "पेपर असाच लिहितात." ती काही बोलली नाही. पेपर छापून आला. पुढचे दोन पावसाळे तीच डबकी मोजली. गुरांच्या वाटेशी असलेल्या संबंधाचा मागमूस नाही. पाऊस वेगळा होता, असं स्वतःला समजावत राहिले.

तिथे पूर्वनोंदणी हवी होती. नक्की हवी होती.

म्हणून २०२३ मध्ये केली. १२ ते २० जून बेडकांची अंडी मोजायची, असं नोंदवलं. बिपरजॉय वादळाच्या त्या जूनमध्ये मान्सून ११ तारखेला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच थबकला. आमची डबकी कोरडी ठक्क. नोंदीत बदल करता येतो, हे मला सांगू नका, मी केलाही. पण त्या कोरड्या दिवसांत सैल दगड उचलून पाहिले, तर एका खळग्यात सात बेडूक अंगाला अंग लावून बसलेले. ते असे का बसतात, हा प्रश्न मला घरी बसून सुचलाच नसता. तो आधी नोंदवायचा कुठे?

तरुणपणची मी यावर म्हणाली असती, बघ, नोंदणी निरुपयोगीच! तिला आज मी ते म्हणू देणार नाही. नुसतं पाहायला म्हणून जाते तेव्हाही मनात काहीतरी धरूनच जाते. पाहणं कुठे संपतं आणि दावा कुठे सुरू होतो, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वही माझ्या कपाटात आहे. मागच्या आठवड्यात त्या नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं. 'आमचा अंदाज होता' हे विधान मागे घेत आहे, इथवर लिहून झालंय.