मिनी कूपर, तीन मोड आणि आईचा चहा

मित्राची मिनी कूपर विकेंडपुरती हाती लागली आणि आम्ही जर्मनीतल्या श्टुटगार्टहून निघून थेट ब्लॅक फॉरेस्ट गाठलं. आई सांगलीहून आलीय सध्या, तिला पुढे बसवलं आणि बायको मागे पाय दुमडून, कारण तीन दारांच्या मिनीत मागची सीट नावालाच असते. गाडी २०१५ची, तीन सिलिंडर, दीड लिटर, १३६ हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक. किल्ली देताना मित्र एवढंच म्हणाला, "अ‍ॅडजस्टेबल डॅम्परवाली आहे बरं का." मी नुसतं हो हो केलं.

बाडेन-बाडेनहून बी ५०० हायवे वर चढतो आणि डोंगराच्या धारेवरून फ्रॉयडेनश्टाटपर्यंत जातो, साधारण ६० किलोमीटर, दोन्ही बाजूंना काळपट हिरवी झाडी. गाडीला तीन मोड, रोजचा मिड, चपळ स्पोर्ट आणि पेट्रोल वाचवणारा ग्रीन; असा रस्ता दिसल्यावर कोण मिडमध्ये चालवेल? गियरच्या दांड्याच्या बुडाशी एक रिंग असते ती स्पोर्टकडे ढकलली, मधल्या गोल स्क्रीनभोवतीची लाइट लाल झाली, स्टिअरिंग जड झालं, आणि अ‍ॅक्सिलरेटरला नुसता पाय लावला तरी गाडी पळायला लागली. मी खूश. मग डांबराची ठिगळं लावलेला एक तुकडा आला आणि आईने थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा तिच्या साडीवर. "अरे, ट्रॅक्टर आहे का काय हा?"

मुम्मेलझे तळ्यापाशी थांबलो, १०३६ मीटर उंचीवर आहे ते, जूनमध्येसुद्धा स्वेटर लागला. त्या दोघी तळ्याला चक्कर मारायला गेल्या आणि मी कप्प्यातलं मॅन्युअल काढून बसलो, चहाचा अपराधी कोण ते शोधायला. माझा समज असा की स्पोर्टमध्ये स्प्रिंगच कडक होते. तसं काही नाही, स्प्रिंग तीच, गाडीची उंचीपण तीच. बदलतो फक्त शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मित्राचा तो डॅम्पर म्हणजे हाच, त्याच्या आतल्या तेलाची वाट इलेक्ट्रिक व्हॉल्व्हने अरुंद होते. स्प्रिंग म्हणजे झोपाळा, एकदा धक्का दिला की येत-जात राहणार, आणि शॉक म्हणजे त्याची कडी धरणारा हात, स्पोर्टमध्ये तो हात घट्ट धरतो एवढंच. म्हणून लांबलचक वळणावर गाडी शेवटी तेवढीच कलते, फक्त कलायला वेळ घेते, खरा फरक डावं-उजवं-डावं अशी पटापट वळणं आली की कळतो. पण ठिगळावर चाक चटकन वर जायला हवं, तिथे हा घट्ट हात धक्का सरळ वर सीटमध्ये पाठवतो. ताकदीचंही तेच, १३६ची १४० होत नाही, पेडल थोडं उतावळं होतं. आणि टायर बघितले तर रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे, कडक बाजूंचे, त्यांना कुठला मोड मऊ करणार? (१९५९च्या मूळ मिनीत तर स्प्रिंगच नव्हत्या, जागा वाचवायला रबराचे कोन बसवले होते, तेव्हा चहा सांडण्याची परंपरा जुनीच असणार.)

पुढे मिड लावला. आईला डुलकी लागली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

रूहश्टाइनच्या अलीकडे पेट्रोल वाचवू म्हणून ग्रीन लावून बघितला. एसी जरा मंदावला, पेडल आळशी झालं, ते ठीक, पण हलक्या उतारावर पाय काढला तर गाडी हळू होईचना, उलट सुसाट. ग्रीनमध्ये ५० ते १६०च्या दरम्यान पाय उचलला की इंजिन चाकांपासून सुटं होतं, त्याचा अडसर राहत नाही आणि गाडी नुसती घरंगळते. मी हे मोठ्या उत्साहाने बायकोला सांगत होतो तर आई जागी होऊन म्हणाली, "म्हणजे न्यूट्रल?"

"हो, जवळजवळ तेच."

"आंबा घाटात डिझेल वाचवायला ट्रकवाले तेच करायचे. तुझे आजोबा क्लीनरला शिव्या घालायचे त्यावरून, उतारावर गियर काढायचा नाही म्हणून."

समोर ऑलरहायलिगनच्या पडक्या मठाकडे जाणारा अरुंद, वळणावळणाचा उतार दिसत होता. मी गुपचूप रिंग फिरवून मिडवर आणली, आईने उरलेला चहा ओतला.