‘फोकसच होत नाही’ म्हणून मिळालेली १३० मिमी न्यूटोनियन दुर्बीण: आतापर्यंतच्या नोंदी

दुर्बीण सेकंड हॅन्ड. १३० मिमीचा आरसा, ६५० मिमी फोकल लेंथ, म्हणजे एफ/५ (फोकल लेंथ आरशाच्या व्यासाच्या पाचपट). सोबत इक्विटोरियल माउंट (ताऱ्यांमागे फिरवता येणारा स्टँड), २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याजवळची भिंगं) आणि एक २एक्स बार्लो (पट दुप्पट करणारं भिंग). विकणाऱ्याची तक्रार दोनच वाक्यांची होती: “हिचा फोकसच होत नाही. आणि शनीची कडी तर दिसतच नाहीत.” आरशावर टॉर्च मारून बघितली, कोटिंग ठीक होतं, कडेला थोडी धूळ. भाव आणखी खाली आला आणि नोव्हेंबरात दुर्बीण रिक्षात बसून कोथरूडला आली.

कड्यांचा निकाल आधी लावते, कारण त्यात बिचाऱ्या दुर्बिणीचा काहीच संबंध नाही. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली. नंतर कडी जराशी उघडली आणि नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस पुन्हा जवळपास मिटली, कल अर्ध्या अंशाहूनही कमी. अशा वेळी शनी म्हणजे आडवी बारीक रेघ टोचलेला पिवळट ठिपका. असा योग साधारण पंधरा वर्षांनी येतो. नेमक्या त्याच हंगामात कुणी पहिली दुर्बीण घ्यावी आणि शनीवरून तिची परीक्षा करावी, याला काय म्हणणार!

आता फोकस. हे दुखणं एकच असतं असं धरून चाललं की माणूस नुसता नॉब फिरवत बसतो. मला या एका दुर्बिणीत तीन-चार वेगवेगळी दुखणी एकावर एक सापडली, आणि प्रत्येकाची खूण वेगळी होती. फोकसबाहेरचा तारा नीट बघितला तर बहुतेक वेळा तोच सांगतो काय बिघडलंय ते.

फोकसर आत टेकतो, तारा मोठाच

पहिल्या रात्री २५ मिमी लावून ब्रह्महृदय (कॅपेला) हा तेजस्वी तारा धरला. दिसला तो मेदूवडा: गोल उजळ बिंब आणि मधे काळं भोक. अनेकांना वाटतं की आरशावर काहीतरी चिकटलंय. ते भोक म्हणजे पुढच्या छोट्या तिरक्या आरशाची सावली, आणि ती दिसते याचा अर्थ आपण फोकसपासून लांब आहोत, एवढाच. नॉब एका बाजूला फिरवायचा. वडा वाढला तर दिशा उलटी, लहान झाला तर बरोबर. माझ्याकडे फोकसर (आयपीस धरणारी, नॉबने आत-बाहेर होणारी नळी) आत नेला की वडा लहान व्हायचा, पण बिंदू व्हायच्या बराच आधी फोकसर आत टेकायचा. म्हणजे आयपीस आरशापासून गरजेपेक्षा लांब बसला होता.

दुसऱ्या दिवशी उजेडात फोकसर बघितला. हा फोकसर २ इंची, त्यात दोन अडॅप्टर येतात, एक २ इंची आयपीससाठी आणि एक १.२५ इंचीसाठी. एका वेळी एकच लावायचा असतो. इथे २ इंचीच्या डोक्यावर १.२५ इंची बसवलेला होता, अगदी घट्ट, जणू कारखान्यातून तसाच आलाय. मधला काढला, १.२५ चा अडॅप्टर थेट फोकसरवर लावला, आणि त्या रात्री ब्रह्महृदय बिंदूवर आला. विकणाऱ्याची मूळ तक्रार बहुधा इथेच संपत होती.

याच्या उलट खूण असेल, म्हणजे फोकसर पूर्ण बाहेर आला तरी वडा लहान होतच राहतोय, तर आयपीस होल्डरमधून हाताने थोडा वर ओढून धरून बघा. चित्र सुधारलं तर एक्स्टेन्शन ट्यूब हवी. ७०/७०० सारखी भिंगाची दुर्बीण असलेल्यांनी आधी डायगोनल (आयपीसआधीचा काटकोनी आरसा) लावलाय का ते बघावं. त्या नळीची लांबी डायगोनल धरूनच ठरवलेली असते, तो काढून सरळ आयपीस खुपसला की फोकस बाहेरच राहतो.

दिवसा काय बघायचं

पुस्तकं सांगतात की आधी दिवसा दूरच्या वस्तूवर फोकस करून घ्या. बरोबर आहे, फक्त ‘दूर’ म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. हिशेब सोपा आहे: फोकल लेंथचा वर्ग भागिले वस्तूचं अंतर. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी वीस मीटरवर असेल तर फोकस अनंतापेक्षा २१ मिमी बाहेर येतो. शंभर मीटरवरच्या मोबाइल टॉवरला ४ मिमी. एक किलोमीटरला अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. म्हणजे टाकीवर फोकस करून ठेवलेली दुर्बीण रात्री चंद्राला धूसरच दाखवणार. आमच्या गच्चीतून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो, तो फोकसच्या दृष्टीने अनंतावरच. शिवाय तो दक्षिण-नैऋत्येला आहे, त्यामुळे सकाळी सूर्य त्याच्यापासून लांब राहतो. हे महत्त्वाचं आहे. दिवसा नळी सूर्याच्या आसपाससुद्धा फिरू द्यायची नाही, घरात मुलं असतील तर झाकण लावल्याशिवाय हलायचं नाही.

मनोरा उलटा दिसतो, त्याची काळजी करू नका. स्पष्ट झाल्यावर फोकसरच्या नळीवर पेन्सिलने बारीक रेघ मारली, २५ ची एक आणि १० ची एक. दोन्ही आयपीसचा फोकस वेगळ्या जागी येतो. अंधारात निदान कुठून सुरुवात करायची ते कळतं. फाइंडरही (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) तेव्हाच जुळवून घेतला.

बिंदू येतो, पण शेपूट घेऊन

२५ मिमीला, म्हणजे २६ पटीला, सगळं छान होतं. १० मिमी लावला, ६५ पट, आणि ताऱ्याला एका बाजूला फराटा. फोकसबाहेर नेलं तर भोक मधोमध नाही, एका कडेला सरकलेलं. ही कोलिमेशन, म्हणजे दोन आरशांची एका रेषेतली जुळवणी, बिघडल्याची खूण. एफ/५ ला हे चालत नाही, एफ/१० वाले कदाचित खपवून घेतील.

जुळवणीसाठी लेझर घेतला नाही. फोकसरच्या प्लॅस्टिकच्या धूळझाकणाला बरोबर मध्यभागी दोनेक मिमीचं भोक पाडलं आणि त्यातून आत बघितलं. आधी तिरका आरसा: त्यात मुख्य आरसा पूर्ण दिसेपर्यंत पुढचे तीन छोटे स्क्रू अगदी हलक्या हाताने. हे करताना नळी आडवी ठेवा, म्हणजे पाना निसटला तर मुख्य आरशावर पडणार नाही. मग मागचे तीन स्क्रू, मुख्य आरशाच्या मध्यावरचं छोटं वर्तुळ आणि झाकणाच्या भोकाचं प्रतिबिंब एकावर एक येईपर्यंत. मागे लॉकचेही तीन स्क्रू असतात, ते आधी सैल करायचे. शेवटी ते आवळताना सगळं पुन्हा थोडं हलतं, तेव्हा चिडायचं नाही.

खात्री ताऱ्यावरच करायची. परदेशी पुस्तकं ध्रुव घ्या म्हणतात, कारण तो जागचा हलत नाही. पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर, शहराच्या धुरकटात लटपटत असतो. त्यापेक्षा डोक्यावर आलेला एखादा तेजस्वी तारा घ्यावा आणि माउंटची बारीक केबल फिरवत त्याला मधोमध ठेवावं. मधोमध हे नक्की, कारण एफ/५ च्या आरशात कडेच्या ताऱ्यांना शेपूट असतंच, कोलिमेशन कितीही चोख असलं तरी.

स्पष्ट झालं म्हणता म्हणता निसटतं

मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागला. एफ/५ ला तारा खऱ्या अर्थाने टोकदार दिसण्याची जागा फोकसरच्या प्रवासात साधारण ०.०५ मिमीची, म्हणजे केसाच्या जाडीइतकी. एफ/१० ला ती चौपट असते. किटमधल्या दातेरी पट्टीच्या फोकसरने ही जागा पकडायची, तेही त्याला खेळ असताना. दिशा बदलली की नॉब आधी मोकळाच फिरायचा आणि मग नळी एकदम उडी मारायची. वर आधीपासून लावलेलं ग्रीस इतकं चिकट की थंडीत आणखीच जड.

नॉबच्या दांड्यावरच्या पट्टीचे छोटे स्क्रू पाव-पाव फेरा आवळले. खेळ कमी झाला, पूर्ण गेला नाही. जुनं ग्रीस पुसून पातळसं लावलं, तेव्हा फरक जाणवला. पण सगळ्यात उपयोगी पडला तो लाकडी कपड्याचा चिमटा. तो नॉबला चावायला लावला की लांब दांडा मिळतो. चिमट्याचं टोक सेंटिमीटरभर हललं तरी नॉब किंचितच फिरतो, आणि बोटांचा धक्का माउंटला बसत नाही. फोकस नेहमी एकाच बाजूने, आतून बाहेर येत, पकडते. पुढे गेला तर मागे येऊन पुन्हा त्याच बाजूने.

आणि फोकस कशावर करायचा? गुरूच्या बिंबावर तर नाहीच. बिंब मऊसर असतं, डोळा फसतो. शेजारचे चार चंद्र बिंदू आहेत, ते सुईच्या टोकासारखे झाले की पट्टे आपोआप दिसतात. दत्तजयंतीच्या आधीच्या अष्टमीला चंद्रावर टॉलेमियस, अल्फोन्सस, आर्झाकेल ही विवरांची रांग प्रकाश-अंधाराच्या सीमेवर होती. अल्फोन्ससच्या मधलं टोकदार शिखर नीट उठून दिसेपर्यंत चिमटा हलवत राहिले.

दुर्बिणीबाहेरची कारणं

दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडते. नळी घरातून आणली की आरसाही गरम, त्याच्यावर हवेचे लोट. तेव्हा फोकस क्षणभर येतो, क्षणात जातो, चंद्राची कड थरथरते. नॉबला दोष देऊन उपयोग नाही. नळी पाऊणएक तास आधी गच्चीत ठेवायची आणि ग्रह वर यायची वाट बघायची. या हंगामात गुरू मिथुनेत होता, १० जानेवारी २०२६ ला प्रतियुतीत (पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला), आणि त्या सुमारास पुण्यातून मध्यरात्रीकडे जवळजवळ डोक्यावर यायचा. मान मोडते, पण हवेचा थर तिथेच सगळ्यात पातळ. ६५ पट छान. बार्लो लावून १३० पट फक्त चांगल्या रात्री.

एका रात्री तिसऱ्या मजल्यावरचे काका वर आले. चष्मा काढून आयपीसला डोळा लावला आणि म्हणाले, “अगं, या ताऱ्याला फाटे फुटलेत. तुझी दुर्बीण तिरळी आहे.” म्हटलं, काका, मान जरा उजवीकडे कलवा. कलवली. “फाटेपण फिरले की!” मग ती दुर्बीण नाही, डोळा. फाटे डोक्याबरोबर फिरले तर डोळ्याचा सिलिंड्रिकल नंबर, आयपीस होल्डरमध्ये फिरवल्यावर फिरले तर आयपीस, कशानेच हलले नाहीत तर आरसा किंवा त्याच्या क्लिपा फार आवळलेल्या. साधा मायनस नंबर असेल तर चष्मा काढून फोकसर जरा हलवला की भागतं, सिलिंड्रिकलला चष्मा घालूनच बघावं लागतं. काकांनी चष्मा घातला आणि मग बराच वेळ आयपीस सोडलाच नाही.

सध्याची स्थिती: पुनर्वसूमधला कॅस्टर १३० पटीला दोन वेगळ्या ताऱ्यांत फुटतो, मधे काळी फट दिसते. त्यामुळे आरशाबद्दल आता शंका नाही. १० मिमीचा किटमधला आयपीस कडेला भुरकट आहे, तो बदलायचाय.

राहिलेलं काम कॅमेऱ्याचं. डीएसएलआर थेट लावला की पुन्हा पहिलीच खूण: फोकसर आत टेकतो. कारण कॅननच्या ईएफ बॉडीत सेन्सर लेन्स बसते त्या कडीपासून ४४ मिमी आत असतो आणि टी-रिंगसकट (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ते ५५ मिमी होतं. बार्लो मधे घातला की फोकस येतो, पण चित्राचा आवाका अर्धा होतो. दुसरा मार्ग म्हणजे मुख्य आरसा नळीत वर सरकवणं. लांब स्क्रू आणि जाड स्प्रिंग आणून ठेवलेत. कुणी १३० मिमीवर हे केलं असेल तर आरसा किती वर घ्यावा लागला आणि नंतर साध्या आयपीसला फोकसर पुरला का, तेवढं सांगा.